पासबुकासारखं ॲप करायचं म्हणजे पासबुकातलं नेमकं काय घ्यायचं?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. पतसंस्थेचं मोबाईल ॲप तुमच्याकडे आलंय, सभासद बहुतेक तालुक्याच्या गावातले, दुकानदार, शेतकरी, भाजीवाल्या मावशी, बरेचजण पन्नाशीच्या पुढचे. चेअरमन साहेबांचं म्हणणं की ॲप हुबेहूब पासबुकासारखं हवं, पान उलटताना आवाजसुद्धा यायला हवा. तुमचा डिझाईन लीड म्हणतो खऱ्या वस्तूंची असली नक्कल २०१३ लाच संपली, आता सगळं फ्लॅट, म्हणजे सपाट आणि साधं. आणि तू विचारतोयस की इंटरफेसमध्ये मेटाफर, म्हणजे ओळखीच्या वस्तूचं रूपक, वापरायचा की नाही, वापरला तर किती.

मी गेली सतरा-अठरा वर्षं हेच काम करतोय, त्यातला मोठा काळ पैशांच्या ॲप्सवर गेलाय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो. माझं मत आधी सांगतो. चेअरमन साहेबांनी वस्तू अगदी योग्य निवडलीय, फक्त तिच्यातलं घ्यायचं काय ते चुकतंय. आणि लीडचा राग कातड्या-कागदाच्या टेक्स्चरवर आहे तो मला मान्य आहे, पण टेक्स्चर काढलं की मेटाफरही गेला असं त्याला वाटत असेल तर तसं होत नाही.

पासबुक योग्य का ते बघ. काही वर्षांपूर्वी एका बचतीच्या ॲपच्या टेस्टिंगला आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात गेलो होतो. ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर पाकिटाचं चित्र होतं, त्यातून नोटा थोड्या बाहेर डोकावत होत्या, दिसायला खरंच छान होतं. एका काकूंनी ते बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, मोबाईल हरवला तर पैसे गेलेच म्हणायचे ना? थोड्या वेळाने एका किराणा दुकानदाराने तेच वेगळ्या शब्दांत विचारलं, पोराने गेम टाकायला जागा केली आणि ॲप डिलीट केलं तर माझ्या पैशांचं काय? आम्ही समजावत राहिलो की पैसे मोबाईलमध्ये नसतात, संस्थेत असतात, पण ते काही कुणाच्या गळी उतरेना, आणि उतरणार तरी कसं, पाकीट हरवलं की पैसे जातात हा प्रत्येकाचा जन्मभराचा अनुभव आहे आणि आम्हीच तर पाकीट दाखवलं होतं. रात्री बसून पाकीट काढलं आणि तिथे पासबुकाची निळी वही ठेवली, बाकी स्क्रीन तीच, एक अक्षर बदललं नाही. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. कारण पासबुक हरवलं तर काय होतं ते सगळ्यांना माहितीय, अर्ज द्यायचा, थोडे पैसे भरायचे, नवीन मिळतं, पैसे होते तिथेच असतात.

मी मेटाफरकडे असं बघतो. आपण जे सांगितलेलंच नाही त्याबद्दल माणूस स्वतःच एक अंदाज बांधतो, तो अंदाज बरोबर यावा म्हणून आपण त्याच्या ओळखीची वस्तू समोर ठेवतो. ती वस्तू दिसते कशी हा नंतरचा भाग, ती वागते कशी आणि हरवली, फाटली, भरली तर काय होतं हे माणसाच्या डोक्यात आधीपासून पक्कं असतं, आपण उसनं घेतो ते हे.

आणि हे पहिल्यापासून असंच आहे. डेस्कटॉप, फोल्डर, आयकॉन हे सगळं ज्याने बाजारात आणलं ते झेरॉक्स स्टार नावाचं कॉम्प्युटर १९८१ चं, त्यावर इन-बास्केट आणि आउट-बास्केट, म्हणजे आलेल्या आणि पाठवायच्या कागदांचे ट्रेसुद्धा होते, कारण ते मशीन अमेरिकेतल्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करणाऱ्या माणसांसाठी बनवलं होतं आणि त्यांच्या टेबलावर हे सगळं खरोखरच असायचं. कट आणि पेस्ट त्याच्याही आधीचं. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्याच मालकीच्या एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशन कंपनीतल्या संपादक लोकांसाठी जिप्सी नावाचा, मजकूर लिहायचा-दुरुस्त करायचा प्रोग्राम केला, १९७५ च्या आसपास. ते लोक छापील कागद कात्रीने कापून दुसरीकडे डिंकाने चिकटवायचे, तेच शब्द आणि तीच कृती कॉम्प्युटरवर आली. कात्रीचं चित्र मागाहून आलं, पहिल्यांदा आली ती कापून चिकटवायची सवय. आज ज्याने कधी डिंकाची बाटली उघडली नाही तो मुलगापण कट-पेस्ट करतो ते त्या सवयीच्या जोरावर.

उलट मेटाफर कुठे मोडतो त्याचं मी नेहमी देतो ते उदाहरण १९८४ च्या मॅकिंतॉशचं. त्यात फ्लॉपी बाहेर काढायचा एक सोपा मार्ग होता, फ्लॉपीचं चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. विचार कर, जिच्यात आपलं सगळं काम आहे ती वस्तू कचऱ्यात टाकायची, म्हणजे ती सुखरूप बाहेर येते. लोक घाबरायचे ते साहजिकच होतं. पुढे मॅक ओएस एक्समध्ये त्यांनी डिस्क ओढायला लागलं की डब्याचं चित्र बदलून तिथे इजेक्टचं, म्हणजे डिस्क बाहेर काढायचं चिन्ह दाखवायला सुरुवात केली. म्हणजे जिथे वस्तूचा नियम लागू होत नाही तिथे ती वस्तूच क्षणभर बाजूला केली. हे मला फार शिकण्यासारखं वाटतं.

दुसरी चूक म्हणजे अख्खं घर बांधणं. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये बॉब नावाचं सॉफ्टवेअर काढलं, कॉम्प्युटर चालू केला की एक खोली दिसायची, टेबल, घड्याळ, कॅलेंडर, मदतीला कार्टून कुत्रा, ज्या वस्तूवर क्लिक कराल तो प्रोग्राम उघडणार. वर्षभरातच ते बंद झालं. खोलीत फिरून कॅलेंडर शोधण्यापेक्षा नावांची यादी कधीही जलद, आणि खोलीतल्या अर्ध्या वस्तू नुसत्या सजावटीच्या, म्हणजे कुठल्या वस्तूला हात लावायचा हे आधी ओळखा आणि मग काम करा.

तुमचा लीड २०१३ म्हणतो ते आयओएस ७ चं, म्हणजे त्या वर्षी आयफोनची जी नवी सिस्टीम आली तिचं. त्याआधी आयफोनवर कातड्याची शिलाई, गेम सेंटरला हिरवं मखमली कापड, पॉडकास्ट ॲपमध्ये चक्क फिरणारी टेपची रिळं होती. ते काढलं ते बरंच झालं, रिळं फिरतायत म्हणून ऐकणाऱ्याला काही जास्त कळत नव्हतं. पण त्याच सफाईत बटणांच्या कडाही गेल्या आणि नुसता निळा शब्द राहिला, तो दाबायचा आहे हे बऱ्याच लोकांना कळेना, म्हणून पुढच्याच वर्षी ७.१ मध्ये बटणांचे आकार परत दाखवायची सेटिंग द्यावी लागली. उठावदार कडा म्हणजे दाबता येतं, हापण वस्तूंच्या जगातूनच आलेला मेटाफर होता. लीडला हे शांतपणे दाखव, तो समजेल.

आता पासबुकाकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

माणूस पासबुक उघडतो तेव्हा पहिल्या पानापासून वाचत नाही, अंगठ्याने पानं सरकवत शेवटच्या लिहिलेल्या ओळीवर जातो आणि उजवीकडचा शेवटचा आकडा बघतो. म्हणजे शिल्लक. म्हणून ॲप उघडल्यावर तेच, पहिल्या नजरेत, मोठ्या आकड्यात. पान उलटायचं ॲनिमेशन नेमकं ह्याच्या आड येतं, आधी पान उलटा मग आकडा बघा, शिवाय सहा-सात हजारांच्या फोनवर ते अडकत अडकत चालतं आणि लोकांना वाटतं ॲप बिघडलं. चेअरमन साहेबांना आवाज नको म्हणून नुसतं सांगू नकोस, त्यांच्या स्वतःच्या हातात पासबुक दे आणि शिल्लक किती विचार, ते काय करतात ते दोघांनी मिळून बघा.

मग ओळींचा क्रम. पासबुकात जुनी एंट्री वर आणि नवीन खाली, आणि शिल्लक खाली खाली बदलत जाते. आपल्या सगळ्या ॲप्समध्ये उलटं, ताजं वर. तरुणांना सवय झालीय, पण ज्यांनी तीस वर्षं ओळीवरून खाली बोट फिरवत हिशोब ताडून बघितलाय त्यांना ते चुकीचं वाटतं. एक निवृत्त शिक्षक माझ्यासमोर वहीत आकडे मांडून बसले होते आणि म्हणत होते की पाचशे काढले तर शिल्लक वाढली कशी, कारण ते वरून खाली वाचत होते. यावर माझा उपाय असा की पहिल्या स्क्रीनवर फक्त शेवटच्या तीन-चार एंट्र्या दे, ताज्या वर, तारखेऐवजी आज, काल असं लिहून, आणि पासबुक नावाचा वेगळा भाग कर, तिथे मात्र खऱ्या पासबुकाचाच क्रम, जुनं वर, नवीन खाली, उघडताना थेट तळाशी उघडायचं. व्हॉट्सॲपचं चॅट असंच उघडतं, त्यामुळे तळाशी उघडणं कुणाला अवघड जात नाही. ज्या स्क्रीनला तू पासबुक हे नाव देशील ती पासबुकासारखी वागलीच पाहिजे, नाहीतर नाव दुसरं दे, यात मी तडजोड करत नाही.

शब्दांचं तर अजूनच. पासबुकावर छापलेलं असतं नावे आणि जमा. जमा सगळ्यांना कळतं. नावे म्हणजे खात्यातून गेले, हे हिशोबाच्या वहीतलं, पण सर्वसामान्य माणूस ते माझ्या नावे झाले असं वाचतो आणि म्हणतो, आले वाटतं पैसे! कागदावर ते चालून जातं कारण कोणता रकाना कुठे असतो हे पाठ झालेलं असतं, मोबाईलवर रकाने नसतात, एकाखाली एक ओळी असतात, तिथे शब्दच वाचला जातो. म्हणून काढले आणि भरले असं लिही. खाताबुक ॲपवाल्यांनी हेच केलं, डेबिट-क्रेडिट बाजूला ठेवून तुम्ही दिले आणि तुम्हाला मिळाले अशी लाल आणि हिरवी दोन बटणं. उधारीच्या वहीचं रूप त्यांनी घेतलं पण वहीतली अवघड भाषा सोडून दिली, दुकानदार गिऱ्हाईकाशी जसा बोलतो ती घेतली.

आणि एक, रद्द झालेल्या एंट्र्या. डेव्हलपर म्हणेल फेल झालेला व्यवहार यादीतून काढून टाकू, यादी स्वच्छ दिसते. अजिबात काढू द्यायचा नाही. वहीतली ओळ कधी गायब होत नाही, चुकली तर खाली उलटी एंट्री पडते आणि दोन्ही दिसतात, विश्वास बसतो तो त्याच्यावर. सकाळी दिसलेली ओळ दुपारी नाही म्हटल्यावर माणूस थेट शाखेत येऊन उभा राहणार. सातबाऱ्याचं बघ, कमी झालेलं नाव पूर्वी कंसात टाकायचे, नवीन नमुन्यात त्यावर आडवी रेघ मारलेली दिसते, पण पुसत नाहीत. शेतकऱ्याला रेघ मारलेली ओळ बरोबर वाचता येते. तुझ्या ॲपमध्ये परत आलेल्या व्यवहारावर तशीच रेघ मार आणि बाजूला लिही, पैसे खात्यात परत आले.

तुझ्या प्रश्नात पिग्मीचा उल्लेख होता. मला विचारशील तर ॲपमधला सगळ्यात गोडी लावणारा भाग तोच होऊ शकतो, आणि तिथे पासबुकाचा मेटाफर तोकडा पडतो. पिग्मी ही रोजची बचत, १९२८ साली उडुपीला जी बँक पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली तिने सुरू केली, आणि आज आपल्याकडे अनेक पतसंस्थांचा तो कणा आहे. एजंट रोज दुकानावर येतो, पन्नास-शंभर घेतो, मशीनमधून चिठ्ठी काढून देतो. रोजच्या एंट्र्या यादीत दाखवल्या तर महिन्याच्या तीस सारख्या ओळी, कुणी बघणार नाही. पण रोजच्या हिशोबाची एक वस्तू आपल्या घराघरात भिंतीवर टांगलेली आहे, कालनिर्णय, १९७३ पासून. त्याच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहिलेला असतो, आला नाही त्या दिवशी खाडा. खाडा हा शब्द किती कामाचा आहे बघ, त्यात तारीख आहे, न येणं आहे आणि महिनाअखेरीचा हिशोबही आहे. पिग्मीचं महिन्याचं पान कॅलेंडरसारखं कर, भरलेल्या दिवशी रक्कम, न भरलेल्या दिवशी खाडा. मी असंच एका ठिकाणी केलं होतं आणि दुकानदार स्वतःहून उघडून बघायचे, कुणी नोटिफिकेशन पाठवायची गरज पडली नाही, कारण चौकोन रिकामा दिसला की मनाला लागतं. फक्त त्याच्यावर लाल फुली मारू नकोस, एजंट आला नसेल तर त्यात सभासदाचा काय दोष.

बचतीला पिगी बँकेच्या डुकराचं चित्र मात्र लावू नकोस. आपल्याकडे मातीचा गल्ला असतो, तो फोडल्याशिवाय पैसे निघत नाहीत, मुदतीआधी पैसे काढू नयेत हे त्यातून न बोलता कळतं, त्यामुळे आवर्त ठेवीला तो मला फार आवडायचा. पण दुकानदारांना दाखवला तर त्यांच्यासाठी गल्ला म्हणजे काउंटरचा ड्रॉवर, दिवसातून शंभर वेळा उघडतो. एकच शब्द, दोन उलट अर्थ. चित्र मडक्यासारखं काढलं तरी शब्द ऐकून त्यांचा गोंधळ व्हायचाच, शेवटी तिथे साधं आवर्त ठेव लिहिलं. तुमच्या सभासदांत दुकानदार जास्त आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय.

मजा आणि गुंतवून ठेवणं याबद्दल तू विचारलंस तर गुगल पे, म्हणजे २०१७ मध्ये तेज म्हणून आलं तेव्हाचं स्क्रॅच कार्ड आठव. बोटाने खरवडायचं, आत काय आहे ते हळूहळू दिसतं, ही कृती टचस्क्रीनवर जशीच्या तशी होते, आणि सुरुवातीला खरोखर पैसे निघायचे. नंतर नंतर आतून नुसती कूपनं किंवा पुढच्या वेळी नशीब आजमावा निघायला लागलं आणि मी तरी खरवडायचं सोडून दिलं. कृती तीच, चित्र तेच, पण कार्डने जे कबूल केलं होतं ते आत नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचून झाल्यावर टीमला नक्की दाखव. पिन. एटीएमने आपल्या लोकांना वर्षानुवर्षं एकच शिकवलं, पिन टाकला की पैसे हातात येतात. मग २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि त्यातही पिनच, चार किंवा सहा आकडी, पण इथे पिन टाकला की पैसे जातात. शब्द तोच, आकड्यांची पाटी तीच, दिशा बरोबर उलटी. कुणीतरी ॲपवर पैशांची मागणी पाठवायचा आणि फोन करून म्हणायचा, तुम्ही विकायला काढलेल्या सोफ्याचे पाच हजार पाठवलेत, पिन टाकून घ्या, आणि शिकलेली माणसंसुद्धा टाकायची. लोक त्यांना भोळे म्हणतात त्याचा मला त्रास होतो. त्यांनी एटीएमने शिकवलेलंच केलं, आपण डिझायनर लोकांनी जुनी खूण घेतली आणि तिचा अर्थ फिरवला. व्यक्ती-व्यक्तींमधली पैसे मागायची ती सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली ते फार बरं झालं. पण तुझ्या ॲपमध्ये पिनच्या पाटीच्या वर, पाटीपेक्षा मोठ्या अक्षरात, तुमच्या खात्यातून ५०० रुपये जाणार असं पूर्ण वाक्य हवंच, आणि पैसे येण्याच्या कुठल्याही वाटेवर पिनची स्क्रीन चुकूनही येता कामा नये, लॉगिनचा पिनसुद्धा वेगळा दिसला पाहिजे.

सेव्हला फ्लॉपी, कॉलला जुना रिसीव्हर असल्या मेलेल्या वस्तूंबद्दल तुमचा वाद चालू आहे म्हणालास, त्यात वेळ घालवू नका. ती आता नुसती अक्षरं झालीत, लोकांना ओळखता येतात, राहू द्या.

पुढच्या आठवड्यात स्क्रीन काढायला बसण्याआधी एक दिवस संस्थेच्या काउंटरमागे बस. चित्रं शोधू नकोस, क्रियापदं लिहून घे, लोक काय म्हणतात, एंट्री मारून द्या, पासबुक भरलं, पावती फाडा, खातं चालू करा, पैसे वर्ग करा. माझी निम्मी बटणं अशीच मिळाली आहेत. मग कागदावर स्क्रीन काढून पाच-सहा सभासदांना दाखव आणि आवडलं का असं विचारू नकोस, हे दाबलं तर काय होईल एवढंच विचार आणि गप्प बस. ज्या ठिकाणी उत्तर तुझ्या ॲपपेक्षा वेगळं येईल तिथे एकतर ॲप बदल नाहीतर ती वस्तू काढून टाक.

आणि खाड्याचं कॅलेंडर पहिल्यांदा पिग्मी एजंटलाच दाखव. आमच्या एजंटने अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं की रविवारी तो पैसे गोळा करतो पण पावती सोमवारच्या तारखेने निघते, म्हणजे आमच्या कॅलेंडरवर दर रविवारी खाडा आणि सोमवारी दुप्पट दिसलं असतं. तुमच्याकडे ते कसं आहे ते आधी विचारून घे.